सिव्हिल एअर पेट्रोल की कोस्ट गार्ड ऑक्झिलरी: गणवेश, काम आणि कुणी कुठे जावं

आमच्या घरी एकाच कपाटात तीन माणसांचे गणवेश टांगलेले असतात. डावीकडे लेकीचा फिकट निळा शर्ट आणि गडद निळी पँट, त्याला लागून माझा पांढरा शर्ट नि राखाडी पँट, आणि उजव्या टोकाला नवऱ्याचा फ्लाइट सूट आणि त्याच्यामागे तो जाडजूड ड्राय सूट. लेक आणि मी सिव्हिल एअर पेट्रोलमधे आहोत, त्याला सगळे कॅप म्हणतात. नवरा कोस्ट गार्ड ऑक्झिलरीच्या विमानवाल्यांमधे आहे, त्यांना ऑक्सएअर म्हणतात. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे दरवर्षी गणपतीत जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतंच, तुम्ही मिलिटरीत आहात का, आणि लगेच पुढचा प्रश्न, आमच्या मुलाला घालायचं तर कुठे, किंवा मला पायलट लायसन मिळून दोन वर्षं झाली, मी काय करू. रांगेत उभं राहून हे नीट सांगता येत नाही म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, आम्ही कुणीही मिलिटरीत नाही. पगार नाही, बंदूक नाही, कुणाला अटक करायचा अधिकार नाही, लष्करी कायदा आम्हाला लागू नाही, आणि उद्या सोडून द्यायचं ठरवलं तर सोडता येतं. आपल्याकडचा होमगार्ड आठवा, १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झालेला, पोलीस नाही पण पोलिसांच्या बाजूला गणवेशात उभा राहणारा आपल्यातलाच माणूस. थोडंफार तसंच, फक्त होमगार्डला दिवसाचा भत्ता मिळतो आणि इथे उलट आपणच वर्षाची फी भरतो. कॅप ही अमेरिकन हवाई दलाची सहायक संस्था आणि ऑक्झिलरी ही कोस्ट गार्डची. दोन्हींत विमानं आहेत, दोन्हींत शोध आणि बचावाचं काम आहे, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. आत शिरल्यावर कळतं की फरक बराच आहे, आणि गंमत म्हणजे तो फरक गणवेशावरच दिसतो, कुठे बघायचं ते माहीत असलं की झालं.

सगळ्यात आधी ज्याने निम्म्या लोकांचा निर्णय आपोआप होतो ते सांगते. कॅपमधे यायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असावं लागतं. ऑक्झिलरीला नागरिकत्वच लागतं. म्हणजे एच-वन व्हिसावर असलेल्या आईबाबांना स्वतःला सध्या दोन्हीकडे जाता येत नाही, पण इथे जन्मलेलं तुमचं मूल नागरिक आहे, त्याला कॅपचा कॅडेट व्हायला तुमच्या व्हिसाची काही आडकाठी नाही. हे कितीतरी घरांत माहीतच नसतं, आणि ग्रीन कार्डची वाट बघता बघता मूल अठरा वर्षांचं होऊन जातं, मग माझ्या जिवाला लागतं ते. कॅडेट म्हणून १२ ते १८ या वयात नाव घालता येतं आणि २१ पर्यंत राहता येतं. ऑक्झिलरीत साधारण १७ पूर्ण लागतात. लहानांना सी स्काउट्सच्या, म्हणजे स्काउटच्या समुद्री शाखेच्या मार्गाने जाता येतं, पण तो मार्ग पाण्याचा आणि बोटींचा आहे, विमानाचा नाही. त्यामुळे बारा तेरा वर्षांच्या, विमानाचं वेड असलेल्या मुलामुलीसाठी विचारत असाल तर तुलना इथेच संपली, कॅप.

आता गणवेश, कारण लोकांना खरी उत्सुकता त्याचीच असते.

कॅपमधे गणवेशाची दोन कुळं आहेत. एक हवाई दलाच्या धाटणीचं, म्हणजे तोच निळा शर्ट, तीच निळी पँट, तीच टोपी, मैदानी कामाला कॅमोफ्लाज, फक्त त्यावरच्या खुणा कॅपच्या. दुसरं कॅपचं स्वतःचं, ज्याला कॉर्पोरेट म्हणतात, म्हणजे पांढरा शर्ट आणि राखाडी पँट, किंवा निळा पोलो टीशर्ट आणि राखाडी पँट, मैदानात गडद निळा फील्ड युनिफॉर्म, विमानात निळा फ्लाइट सूट. हवाई दलाच्या धाटणीचा घालायचा तर प्रौढांना उंची आणि वजनाच्या तक्त्यात बसावं लागतं आणि दाढी चालत नाही. मी त्या तक्त्यात बसत नाही म्हणून पांढरा शर्ट घालते, आणि आमच्या स्क्वॉड्रनमधले, म्हणजे स्थानिक गटातले, निम्म्याहून जास्त प्रौढ वजन असो की दाढी असो की नुसती सोय असो, तेच घालतात. सुरुवातीला मला वाटलेलं की हा दुय्यम दर्जा असेल. अजिबात नाही. पांढऱ्या शर्टातली बाई कॅप्टन असू शकते, मिशनवर विमानाची प्रमुख असू शकते, आख्ख्या स्क्वॉड्रनची कमांडर असू शकते. १८ च्या आतल्या कॅडेट्सना वजनाची अट नाही, हे मुद्दाम सांगते कारण जाडसर मुलामुलींचे आईबाप यायलाच बिचकतात, आणि तसं बिचकायचं काहीच कारण नाही.

आता जवळून बघा. हवाई दलाच्या निळ्या शर्टावर कॅपचा प्रौढ अधिकारी खांद्यावर जी पट्टी लावतो ती राखाडी असते, हवाई दलाच्या अधिकाऱ्याची निळी. मैदानी गणवेशात छातीवरच्या कापडी पट्टीवर सिव्हिल एअर पेट्रोल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हा राखाडी रंग उगाच आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅपवाले आर्मीचा गणवेश घालायचे आणि वेगळे ओळखू यावेत म्हणून खांद्यावर लाल पट्ट्या असायच्या. नंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, मरून रंगाच्या पट्ट्या आल्या, त्या जुन्या लोकांना मुळीच आवडल्या नव्हत्या, आणि मग राखाडी. रंग कुठलाही असला तरी त्याचं काम एकच, समोरच्या जवानाला एका नजरेत कळलं पाहिजे की हा माणूस सैन्यातला अधिकारी नाही. हवाई दलाच्या जवानाने कॅपच्या अधिकाऱ्याला सलाम केलाच पाहिजे असं बंधन नाही. आपण मात्र हवाई दलाच्या धाटणीत असलो की त्यांच्या अधिकाऱ्याला करतो. हे ज्याला कमीपणाचं वाटत असेल त्याने दोन्हीकडे न गेलेलं बरं, कारण या कामात आपण मदतनीस आहोत ही गोष्ट रोज अंगावर घालायची असते.

ऑक्झिलरीचं गणित वेगळं. तिथे गणवेश बराचसा कोस्ट गार्डसारखाच, पण कोस्ट गार्डकडे जिथे सोनेरी बटणं आणि सोनेरी पट्ट्या असतात तिथे ऑक्झिलरीकडे चंदेरी. आणि खुणेत ए हे अक्षर. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचं ए एका रंगाचं, नेमलेल्याचं लाल. हो, निवडून आलेल्या, बरोबर वाचलंत, तिथे स्थानिक गट म्हणजे फ्लोटिला, आणि फ्लोटिलाचा कमांडर सभासद मतदान करून निवडतात. रँक नाहीच. खांद्यावर जे दिसतं ते पद असतं, त्यामुळे कुणाला कॅप्टन किंवा लेफ्टनंट म्हणून हाक मारत नाहीत, साधं मिस्टर किंवा मिस आणि आडनाव. कॅपमधे याच्या उलट, तिथे प्रौढाला सुरुवातीचं प्रशिक्षण आणि सहा महिने झाले की सेकंड लेफ्टनंट, मग पुढे चढत जायचं, पायलट वगैरे व्यावसायिक पात्रता असेल तर सुरुवातच थोडी वरून होते. कमांडर नेमले जातात, मतदान नाही. माझ्या नवऱ्याला रँकची शिडी नको होती, ऑफिसात तेच चालतं म्हणाला, म्हणून त्याला ऑक्झिलरी मानवली. माझ्या लेकीला मात्र ती शिडीच आवडते, पुढची पायरी कोणती, त्याला काय पाठ करायचं, किती धावायचं, सगळं तिच्या तोंडावर असतं. ऑक्झिलरीत वजनाची अट नाही आणि नीट राखलेली दाढी चालते, त्यामुळे तिथे गणवेशाची दोन कुळं करायची वेळच आली नाही.

पण ऑक्सएअरचा खरा गणवेश तो चंदेरी बटणवाला नाहीच, तो आहे ड्राय सूट. पाणी थंड असेल आणि विमान किनाऱ्यापासून लांब जाणार असेल तर हा घालावाच लागतो, मनगटाला आणि गळ्याला रबरासारखा घट्ट पट्टा, त्यातून डोकं बाहेर काढताना माणूस लालबुंद होतो, मी मागून ओढून काढायला मदत केलीये म्हणून सांगते. वर तरंगण्याचं जॅकेट, त्याच्या खिशात सिग्नल द्यायचं सामान. त्याआधी पाण्याखाली उलट्या झालेल्या सीटच्या सांगाड्यातून पट्टा सोडून बाहेर यायचं प्रशिक्षण, तेही स्विमिंग पूलमधे, नाकात पाणी जाऊन. नवरा त्या दिवशी घरी आला तेव्हा फार बोलला नाही, जेवताना एवढंच म्हणाला की दुसऱ्या वेळी हात आपोआप पट्ट्याकडे गेला. म्हणजे हा कपडा शोभेचा नाही, इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर येईपर्यंत जिवंत राहायचं एवढंच त्याचं काम.

इथे थोडं मागे जाते, कारण न्यू जर्सीत राहून हे माहीत नसणं बरोबर नाही. कॅपची कल्पना ज्यांनी लावून धरली ते गिल रॉब विल्सन याच राज्याच्या विमान खात्याचे प्रमुख होते. १ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरच्या सहा दिवस आधी, फिओरेलो ला गार्डिया यांच्या सहीने कॅप सुरू झाली. ला गार्डिया त्यावेळी न्यूयॉर्कचे महापौर आणि नागरी संरक्षणाचे प्रमुखही होते. १९४२ च्या वसंतात जर्मन पाणबुड्या इथल्या किनाऱ्याजवळ तेलाची जहाजं बुडवत होत्या, आणि तेव्हा कॅपच्या किनारी गस्तीचा पहिला तळ उघडला तो अटलांटिक सिटीत. आपण जिथे वीकेंडला बोर्डवॉकवर फिरायला जातो तिथून दुकानदार, शेतकरी, वकील असली माणसं स्वतःची एका इंजिनाची छोटी विमानं घेऊन समुद्रावर जायची. असे एकूण २१ तळ झाले. १९४३ च्या ऑगस्टअखेर गस्त थांबेपर्यंत १७३ पाणबुड्या दिसल्याची नोंद आहे, ५७ वर हल्ले केले, आणि या गस्तीत २६ माणसं गेली, ९० विमानं गेली. जे पाण्यात उतरूनही वाचले त्यांचा डक क्लब म्हणून एक गट होता, त्याचं वेगळं चिन्ह गणवेशावर लावायचे. आणि बायका कॅपमधे पहिल्यापासून होत्या, पण किनारी गस्तीत त्यांना घेत नव्हते. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं आणि मग शिकागोच्या विला ब्राउन यांच्याबद्दल वाचलं, ज्या १९४२ मधे कॅपच्या लेफ्टनंट झाल्या, कॅपमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय अधिकारी. लेकीच्या टेबलावर त्यांचा फोटो आहे. १९४६ ला कॅपला संसदेची सनद मिळाली, १९४८ ला ती हवाई दलाची सहायक झाली, आणि २०१४ ला युद्धातल्या सभासदांना अमेरिकन संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं, तोवर बरेचजण हयात नव्हते.

ऑक्झिलरी त्याहून थोडी जुनी, २३ जून १९३९ ची, तेव्हा नाव रिझर्व्ह होतं आणि १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्झिलरी झालं. तिचा जीव मुळात बोटींत आहे. बोटींची सुरक्षा तपासणी, लोकांना बोट चालवायचे वर्ग, बंदरात गस्त, हेच तिथलं मुख्य काम, आणि विमानवाले हा त्यातला छोटा भाग. हे लक्षात ठेवा, कारण फ्लोटिलाच्या बैठकीला गेलात तर आजूबाजूला बहुतेक बोटवालेच भेटतील. विमानाबद्दल बोलायला माणूस हवा असेल तर कोस्ट गार्डच्या एअर स्टेशनशी जोडलेला गट शोधावा लागतो. आमच्याकडे अटलांटिक सिटीला एअर स्टेशन आहे म्हणून सोपं गेलं, तुम्ही कॅन्ससमधे राहत असाल तर हा पर्याय जवळपास विसरा.

आता विमान कुणाचं, हा प्रश्न. हा पायलट लोकांसाठी सगळ्यात मोठा.

कॅपची स्वतःची साडेपाचशेच्या आसपास विमानं आहेत, बहुतेक सेस्ना १७२, १८२, काही २०६. तुमच्याकडे विमान नसलं तरी चालतं, परीक्षा देऊन त्यांचं उडवता येतं. हवाई दलाने दिलेल्या मिशनचा इंधनखर्च तुमच्यावर पडत नाही, स्वतःच्या सरावासाठी उडवलं तर तासाचे पैसे भरायचे, पण क्लबच्या भाड्यापेक्षा ते बरेच कमी पडतात. शोधमोहिमेच्या पायलटचं प्रशिक्षण सुरू करायला विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले १७५ तास लागतात. ऑक्सएअरमधे विमान सभासदाचं, स्वतःचं किंवा कुणी वापरायला दिलेलं, ते कोस्ट गार्डकडून तपासून मान्य करून घ्यायचं, आणि कोस्ट गार्डची ऑर्डर घेऊन उडालात की इंधनाचे आणि ठरलेल्या दराने झिजेचे पैसे मिळतात. तासांची अटही कडक आहे, को-पायलटला २००, फर्स्ट पायलटला ५०० आणि एअरक्राफ्ट कमांडरला १०००. माझ्या नवऱ्याने तिघांत मिळून जुनं विमान घेतलंय, म्हणून त्याचं तिथे जमलं. ज्याच्याकडे लायसन आहे, दीडशे दोनशे तास झालेत आणि विमान भाड्याने घेतो, त्याला मी डोळे मिटून कॅप सांगेन. हजार तास झालेला, विमानाचा मालक, समुद्राजवळ राहणारा आणि रँकबिंक नको असलेला माणूस असेल तर त्याने आधी ऑक्सएअरवाल्यांशी बोलावं.

अपघाताचं विचारतात, तर दोन्हीकडे सारखंच आहे, अधिकृत मिशन किंवा ऑर्डरवर असताना जखमी झालात तर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला लागू होणाऱ्या कायद्याखाली भरपाई असते. मिशन नंबर नसताना, ऑर्डर नसताना असेच उडालात तर ते तुमचं तुम्ही. म्हणून नवरा फोनवर तोंडी हो मिळालं तरी ऑर्डर हातात आल्याशिवाय हँगरकडे निघत नाही.

पायलट नसलेल्यांना वाटतं आपण तिथे काय करणार, तर मी पायलट नाही, कधी होणारही नाही, मी स्कॅनर आहे. मागच्या सीटवर बसून खिडकीतून खाली बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. जमिनीपासून हजारेक फुटांवर विमान, खाली पाइन बॅरन्सचं जंगल, सगळं एकसारखं हिरवं, आणि डोळा नुसता फिरवत राहिलं तर काहीच दिसत नाही. शिकवतात ते असं की नजर एका ठिकाणी क्षणभर थांबवायची, मग थोडी पुढे, परत थांबवायची, पट्ट्यापट्ट्याने, आणि ठराविक वेळाने आत बघून डोळ्यांना विसावा द्यायचा. पडलेलं विमान विमानासारखं दिसत नाही, तुटलेली झाडं दिसतात, चमकणारा एखादा तुकडा दिसतो, करपलेला डाग दिसतो. पहिल्या सरावात शोधायला खाली एक पांढरा कपडा ठेवलेला होता, मी दोन तासांत तो म्हणून एक बाथटब शोधला, कुणीतरी जंगलात टाकून दिलेला, आणि ठेवलेला खरा कपडा माझ्या खिडकीखालून निघून गेला. त्या दिवशी समजलं की हे हौसेचं काम नाही, याचा सराव करावा लागतो, आणि मी तेव्हापासून एकही सराव चुकवत नाही.

मिशन म्हटलं की दरवेळी पडलेलं विमानच असतं असंही नाही. विमानातली आपत्कालीन रेडिओ पेटी धक्क्याने चालू होते आणि कुठल्यातरी विमानतळावर बंद हँगरमधे रात्रभर बोंबलत बसते. जुन्या पेट्या १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडायच्या, २००९ पासून उपग्रह ती लहर ऐकत नाहीत, आता ४०६ वर ऐकतात, तरी खोटे अलार्म येतातच, आणि मग जमिनीवरची टीम हातात अँटेना धरून हँगरच्या रांगेतून फिरते. मोठी कॅडेट मुलंही प्रशिक्षण घेऊन या टीममधे असतात. त्याशिवाय वादळानंतर पूरग्रस्त भागाचे हवेतून फोटो काढायचे, सॅन्डीच्या वेळी आपल्या किनाऱ्याचे असे हजारो फोटो कॅपने काढलेत. ११ सप्टेंबरनंतर देशभर नागरी विमानं जमिनीवर असताना दुसऱ्या दिवशी जुळ्या मनोऱ्यांच्या जागेवरून फोटो काढत फिरलेलं विमानही कॅपचं सेस्ना होतं. मोबाइलच्या सिग्नलवरून हरवलेला गिर्यारोहक कुठे असेल ते काढणारी त्यांची एक टीम आहे, ती तर घरून काम करते, आपल्या आयटीतल्या लोकांना हे ऐकून फार बरं वाटतं. लढाऊ विमानांच्या सरावात चुकून हद्दीत शिरलेलं संथ विमान कोणीतरी व्हावं लागतं, तेही कॅप करते.

ऑक्सएअरचं बघणं पाण्यावरचं. उलटलेली कयाक, तेलाचा तवंग, जागेवरून सरकलेले बोये, म्हणजे खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेले पिंप, हिवाळ्यात बर्फ. पाण्यावर माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, आणि लाटांवर फेस असेल तर दिसतच नाही, असं नवरा सांगतो. तिथे पायलट नसलेल्यांसाठी ऑब्झर्व्हर आणि एअर क्रूची जागा असते, पण तो पूलमधला धडा त्यांनाही चुकत नाही. पाण्याची भीती असेल तर हे आधीच स्वतःशी बोलून घ्या.

मुलांबद्दल जास्त लिहिते कारण विचारणारे बहुतेक आईबाबाच असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन अडीच तास. कधी निळा गणवेश, कधी मैदानी, कधी व्यायामाचे कपडे. कवायत, विमानविद्या, धावणं, आणि सचोटीवर गटात चर्चा. ज्यांनी आपल्याकडे एनसीसी केलीये त्यांना लगेच ओळखीचं वाटेल, फक्त इथे शिकवणारी बहुतेक मोठी कॅडेट मुलंच असतात, सुभेदार मेजर ओरडत नाही. पायलटच्या शेजारच्या सीटवर बसून पाच आणि ग्लायडरमधे पाच अशा फुकट ओळख-फेऱ्या १८ वर्षांच्या आत मिळतात. उन्हाळ्यात आठवडाभराचं एन्कॅम्पमेंट, म्हणजे शिबिर. पुढे कॅडेटच्या शिडीवरच्या बिली मिचेल पुरस्कारापर्यंत पोचलं की कॅडेट सेकंड लेफ्टनंट होतात, आणि उद्या हवाई दलात जवान म्हणून भरती व्हायचं ठरवलं तर दोन पायऱ्या वरून, ई-थ्री या दर्जाने सुरुवात होते. भरती व्हायलाच पाहिजे असं अजिबात नाही, कुणी मागे लागत नाही, हा प्रश्न आपल्या आजीआजोबांच्या फोनवर हमखास येतो म्हणून ठामपणे सांगते. कॉलेजच्या अर्जासाठी घालायचं असेल तर मी नको म्हणेन. वर्षभर येऊन बसलेलं आणि मनापासून केलेलं यातला फरक मुलाला स्वतःलाच आधी कळतो.

सुरक्षिततेचं, तर कॅपमधे प्रत्येक प्रौढाचे बोटांचे ठसे घेऊन तपासणी होते, मुलांसोबत कसं वागायचं याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, आणि दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय कार्यक्रम होत नाही. मुलगी असलेल्या आईने हे आधी विचारावं, मी विचारलं होतं, आणि कमांडर बाईंनी न चिडता नियम उघडून दाखवले.

खर्च. वर्षाची फी राज्यागणिक वेगळी, कॅडेटची कमी आणि प्रौढांची जास्त. निळ्या गणवेशासाठी कॅडेटला सुरुवातीचा टप्पा पार केला की व्हाउचर मिळतं, शिवाय स्क्वॉड्रनमधे उंच झालेल्या मुलांचे लहान झालेले कपडे एका कपाटात ठेवलेले असतात, आधी तिथे बघा. मी ते न बघता ऑनलाइन कॅमोफ्लाज मागवलं आणि ते चुकीच्या नमुन्याचं निघालं, परत घ्यायला दुकान तयार नाही, ते आता बागकामाला वापरतो. हवाई दल नमुना बदलतं तसा कॅपचाही काही वर्षांनी बदलतो, म्हणून या महिन्यात काय चालतं ते विचारल्याशिवाय एक बटणही घेऊ नका. बूट मात्र चांगले घ्या. प्रौढ असाल तर पोलो आणि राखाडी पँट, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. ऑक्झिलरीत फी कमी, कपडे टप्प्याटप्प्याने घेता येतात, खरा खर्च विमानाचा.

एक दृश्य सांगते. सोमवारी रात्री लेक इस्त्रीचं टेबल काढते. शर्टाच्या बाहीची घडी एकच आणि सरळ आली पाहिजे, मग खिशाच्या शिलाईवर पट्टी ठेवून रिबनची रांग मोजते, नावाची पाटी आडवी आहे ना ते माझ्याकडून बघून घेते. मी कधीच तिला हे सांगितलेलं नाही. तिची खोली अजूनही पसाऱ्याने भरलेली असते, पण तो शर्ट हँगरवर असा लटकतो की त्याला हात लावायला मीही बिचकते. आणि सहा महिन्यांपूर्वी बारा वर्षांचा एक मुलगा नवीन आला, मराठीच आहे, त्याला टाय बांधता येत नव्हता आणि तो पार्किंगमधे रडवेला होऊन गाडीतून उतरेना, तर ही जाऊन त्याच्या शेजारी बसली आणि स्वतःचा टॅब, म्हणजे टायऐवजी गळ्याशी लावायचा छोटा तुकडा, उघडून त्याला दाखवलं की मलाही बांधता येत नाही, मुलींचा क्लिपचाच असतो, चल आपण दोघं सार्जंटला विचारू.

पैसे भरण्याआधी दोनतीन बैठकांना नुसतं जाऊन बसा, दोन्हीकडे येऊ देतात. जवळची दोन स्क्वॉड्रन्स बघा, एकाच संस्थेची असून वातावरण फार वेगळं असतं, कुठे कवायतीवर भर, कुठे उडण्यावर, कुठे नुसत्याच मीटिंगा. कमांडरला विचारू नका, मागे बसलेल्या कॅडेट्सना विचारा की गेल्या महिन्यात काय काय केलं आणि शेवटचं विमानात कधी बसलात. ऑक्सएअरसाठी जात असाल तर विचारा की या गटाची किती विमानं सध्या मान्यताप्राप्त आहेत आणि गेल्या तीन महिन्यांत किती ऑर्डर्स आल्या. उत्तर लगेच आणि आकड्यात आलं तर थांबा, नाहीतर पुढचा गट बघा.